डावी बाजू, उजवी बाजू: शिकागोच्या तळ्याकाठी आई-अण्णांचे पाच महिने

आई-अण्णांची अमेरिकेची पहिली खेप साफ फसली होती. तेव्हा मी शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात राहत होते. घर ऐसपैस, मागे हिरवळ, पुढे गॅरेज, आणि गाडी काढल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीसुद्धा आणता येणार नाही असा सगळा मामला. अण्णा पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. कोल्हापुरात रोज पहाटे रंकाळा तलावाला फेरी, मग टपरीवर चहा, मग पेपर, असा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. इथे ते खिडकीत बसून शेजाऱ्याचं गवत कापणारं यंत्र बघत. सहा महिन्यांचं तिकीट बदलून दुसऱ्याच महिन्यात दोघं परत गेली. निघताना अण्णा म्हणाले, "तुरुंग चांगला होता, पण तुरुंगच."

दुसऱ्या खेपेआधी मी घर बदललं. शहराच्या उत्तरेकडे एजवॉटर भागात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. जागा निम्मी, भाडं जवळपास तेवढंच, पण मिशिगन तळं चार मिनिटांच्या चालीवर. मे ते ऑक्टोबर अशा त्या पाच महिन्यांत काय जमलं आणि काय फसलं ते इथे मांडते आहे. आईवडील येतात आणि खिडकीत बसून राहतात, ही तक्रार माझ्या एकटीची नाही, म्हणून.

पलीकडचा काठ

पहिल्या दिवशी आई पाण्याजवळ गेली आणि थबकली. "तळं म्हणालीस ना तू? मग पलीकडचा काठ कुठाय?" काठ दिसत नाही. या तळ्याचं क्षेत्रफळ सुमारे 58,000 चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यासारखे सात जिल्हे त्यात मावतील. लाटा येतात, वाळू आहे, डोक्यावर समुद्रपक्षी ओरडतात. आईचा विश्वास बसेना. तिने चप्पल काढली, वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग अण्णांकडे वळून म्हणाली, "खारट नाही हो."

अण्णांचं लक्ष दुसरीकडे होतं. ते नाकाने दीर्घ श्वास घेत होते. "वास कसा येत नाही?" हा त्यांचा पहिला प्रश्न. ज्याने रंकाळ्यावर केंदाळाचे दिवस काढलेत, नाल्याचं पाणी तळ्यात उतरताना पाहिलंय, त्याला हाच प्रश्न पडणार. त्याचं उत्तर त्यांनी पुढे स्वतःच शोधलं, पण ते नंतर.

तळ्याच्या काठाने एक लांब पायवाट आहे. ती आमच्या घराजवळच्या आर्डमोर रस्त्यापासून सुरू होते आणि किनाऱ्याने दक्षिणेला 71व्या रस्त्यापर्यंत जाते. अंतर 18 मैलांहून थोडं जास्त, साधारण 30 किलोमीटर. वाटेत वाळूचे किनारे, होड्यांची बंदरं, बागा, संग्रहालयं. वाटेवर मैलांच्या खुणा आहेत. अण्णांनी त्यांना लगेच 'साखळी' म्हणायला सुरुवात केली. कालव्याच्या कामावर अंतर मोजायचा त्यांचा जुना शब्द. "आज साखळी दोनपर्यंत गेलो होतो," असं ते रात्री वहीत लिहीत.

पहिले पंधरा दिवस

सुरुवात काही छान झाली नाही. मे महिन्यात एके दिवशी घराच्या दारात 26 अंश होतं, म्हणून अण्णा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात निघाले आणि काठावर पोचेपर्यंत कुडकुडायला लागले. हिवाळाभर गारठलेलं एवढं पाणी उन्हाळा अर्धा सरेपर्यंत तापत नाही. वारा तिकडून आला की काठालगतची हवा शहरापेक्षा सरळ आठ-दहा अंशांनी उतरते. इथल्या हवामानाच्या बातम्यांत 'तळ्याजवळ थंड' हे शब्द पालुपदासारखे येतात. मी इतकी वर्षं ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होते. त्या दिवसापासून आईची शाल आणि अण्णांची कानटोपी पिशवीत कायमची गेली.

दुसरी अडचण नळांची. हिवाळ्यात पाइप गोठून फुटू नयेत म्हणून वाटेवरचे पिण्याच्या पाण्याचे नळ बंद ठेवतात आणि वसंतात हळूहळू सुरू करतात. स्वच्छतागृहांचंही बऱ्याच ठिकाणी तेच. साठी ओलांडलेल्या माणसांना घेऊन निघताना ही बाब नकाशातल्या सुंदर फोटोंपेक्षा महत्त्वाची. पहिल्या आठवड्यात आम्ही दोनदा अर्ध्यातून फिरलो ते एवढ्याच कारणाने.

आईचे गुडघे दुखतात. जाऊन-येऊन फेरी तिला झेपत नव्हती, आणि 'आता परत तेवढंच चालायचं' या धास्तीने ती निघायलाच टाळाटाळ करायची. यावर तोडगा बसने दिला. किनाऱ्याला समांतर रस्त्यांवरून 151 आणि 147 क्रमांकाच्या बस धावतात. वाऱ्याच्या दिशेने एकीकडे चालत जायचं आणि दमलं की रस्त्याखालच्या बोगद्यातून बाहेर पडून बसने परत यायचं. एवढ्या एका बदलाने आईचा पल्ला दुप्पट झाला. बोगद्यांविषयी एक सांगायला हवं. शहर आणि तळं यांच्या मधून लेक शोअर ड्राइव्ह हा वेगवान हमरस्ता जातो. 2021 पासून त्याच्या नावाआधी मूळ अमेरिकी जमातींखेरीज शिकागोचे पहिले कायमचे रहिवासी मानले जाणारे जाँ बाप्टिस्ट प्वाँ द्यू साब्ल यांचं नाव जोडलं आहे. हा रस्ता म्हणजे तळ्याच्या सुखातला खडाच. काठावर बसलं तरी पाठीमागे गाड्यांची घरघर चालूच असते. पण तो पायी ओलांडावा लागत नाही, ठिकठिकाणी खालून वाट आहे. ब्रिन मॉर रस्त्याच्या बोगद्यात भिंतीवर मोझॅइकची चित्रं आहेत. आई तिथे रोज थांबून एखादी फरशी हाताने चाचपून बघायची.

'ऑन युअर लेफ्ट'

खरा प्रसंग जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घडला. शनिवारची सकाळ, किनाऱ्यावर ही गर्दी. अण्णा एकटेच पुढे, एका कानात नाट्यगीत. मागून सायकलवाली बाई आली आणि नियमाप्रमाणे ओरडली, "ऑन युअर लेफ्ट!" म्हणजे मी तुमच्या डाव्या बाजूने पुढे जाते आहे, तुम्ही आहात तिथेच राहा. अण्णांनी 'लेफ्ट' एवढंच ऐकलं. कोणी 'डावीकडे' म्हणून ओरडलं की डावीकडे व्हायचं, ही आपली साधी समज. ते झटक्यात डावीकडे सरकले, थेट तिच्या चाकापुढे.

तिने ब्रेक दाबला, हँडल वळलं, दोघंही खाली. अण्णांचं कोपर सोललं, तिचा गुडघा. ती उठून आधी त्यांनाच विचारत होती, लागलं का. अण्णा शरमले होते, आणि त्याहून जास्त गोंधळले होते. "ती डावीकडे म्हणाली, मी डावीकडे झालो. माझं काय चुकलं?" रात्री कोपराला हळद लावताना आई म्हणाली, "उद्यापासून नको ते फिरणं." दोन दिवस खिडकी पुन्हा सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी मी दोघांना घेऊन बसले आणि नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की चूक एक नव्हती, तीन होत्या. पहिली, भारतातल्या सवयीने अण्णा वाटेच्या डाव्या बाजूने चालत. इथे रस्त्यासारखंच वाटेवरही उजवी बाजू धरायची असते. दुसरी, ती हाक. आणि तिसरी माझी. तिथे मुळात दोन वाटा आहेत, एक सायकलींची आणि एक पायी चालणाऱ्यांची, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. डांबर दोन्हीकडे सारखं दिसतं, आणि अण्णा महिनाभर सायकलींच्या वाटेवरून चालत होते.

या दोन वाटा पूर्वीपासून वेगळ्या नव्हत्या. किनाऱ्यावरचा सायकलमार्ग 1963 सालचा. त्यावर सायकली, धावणारे, बाबागाड्या, कुत्री, पर्यटक असा सगळा काला. अपघात आणि भांडणं नित्याची. 2016 च्या डिसेंबरात केन ग्रिफिन या धनाढ्य गुंतवणूकदाराने 1 कोटी 20 लाख डॉलर दिले आणि 2018 च्या अखेरीस पूर्ण लांबीभर दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. पायवाटेच्या कडेला बारीक खडीचा मऊ पट्टा आहे. गुडघेदुखीवाल्यांनी तो सोडू नये. आईला डांबरापेक्षा तिथे निश्चित बरं वाटायचं. मात्र किनाऱ्यांच्या तोंडाशी, पुलांवर, खाऊच्या गाड्यांपाशी दोन्ही वाटा एकमेकींना छेदतात आणि धोका उरतो तो नेमका तिथे. वेगळी वाट आखली म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. अनोळखी माणसाला ती वेगळी आहे हे कळायलाही हवं. जमिनीवरची चित्रं आणि पाट्या तिथे आहेत, पण नवख्याची नजर तळ्याकडे असते, पायाखाली नसते.

अण्णांनी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'उजवी बाजू. लेफ्ट म्हटलं की हलायचं नाही.' कानातलं नाट्यगीत बंद झालं. पुढच्या चार महिन्यांत पुन्हा काही घडलं नाही.

पाण्यातली घरं

वाटेवरच्या माँट्रोज भागातल्या टेकाडावरून लांब पाण्यात एक गोल, बुटकी इमारत दिसते. हवा स्वच्छ असली तर आणखीही दिसतात. आईला वाटलं दर्गा असेल. ती पाणी घ्यायची ठिकाणं आहेत. काठापासून सुमारे दोन मैल आत बांधलेली, तळाखालच्या बोगद्यांतून शहराकडे पाणी आणणारी. काही आता बंद आहेत, काही चालू. शिकागो या तळ्याचंच पाणी पितं.

अण्णांच्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. एकोणिसाव्या शतकात शहराची घाण शिकागो नदीत जायची, नदी तळ्यात जायची आणि पिण्याचं पाणी त्याच तळ्यातून यायचं. शेवटी त्यांनी कालवा खणून नदीचा प्रवाहच उलटा केला. जानेवारी 1900 पासून नदी तळ्यातून बाहेर वाहू लागली. हे कळल्यावर निवृत्त पाटबंधारे अभियंत्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नायगारापाशीही पाहिलं नव्हतं. दोन दिवस ते कागदावर उतार काढत होते. मग एका संध्याकाळी म्हणाले, "म्हणजे घाण गेली कुठे? खालच्या गावाला." अगदी बरोबर. ती इलिनॉय नदीतून मिसिसिपीकडे गेली. मिसूरी राज्याने खटला भरला, आणि 1906 साली सर्वोच्च न्यायालयात ते राज्य हरलं. आजही मोठा पाऊस झाला आणि गटारं-साठवण बोगदे भरून वाहिले की कधीकधी नदीचे दरवाजे तळ्याकडे उघडावे लागतात, मग किनाऱ्यांवर पोहायला बंदी येते. जुलैत एकदा आम्ही असा लाल बावटा पाहिला.

तरीही माझं मत सांगते. आपल्याकडे तलावाचं सुशोभीकरण निघतं तेव्हा आधी दिवे येतात, पेव्हर ब्लॉक येतात, सेल्फी पॉइंट येतो, आणि नाला शेवटपर्यंत तलावातच वाहतो. इथे क्रम उलटा होता. बसायला बाकडी नंतर आली, आधी गटार वळवलं.

गणपतीत आईला विसर्जन तळ्यात करायचं होतं. एवढं पाणी समोर असताना बादली कशाला, हा तिचा सवाल रास्त होता. अण्णांनीच अडवलं. "पिण्याचं पाणी आहे ते." मूर्ती घरी बादलीत विसर्जित झाली आणि ती माती बाल्कनीतल्या तुळशीला गेली.

मोकळं राहिलेलं

ऑगस्टमध्ये आम्ही शहराच्या मध्यभागी गेलो. एका बाजूला मिशिगन अव्हेन्यूवरच्या इमारतींची भिंत, दुसऱ्या बाजूला ग्रँट पार्क आणि मग थेट पाणी. अण्णांनी विचारलं, "एवढ्या मोक्याच्या जागेवर बिल्डर कसा आला नाही?" आला होता, अनेकदा आला होता. 1836 साली जमिनीच्या नकाशावर अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं की ही जागा सार्वजनिक असून कायम मोकळी, इमारतींविना राहील. नकाशावरची ओळ कोण पाळतो! 1871 च्या मोठ्या आगीचा राडारोडा इथेच तळ्यात लोटला गेला, त्या भरावावर झोपड्या, कचरा, मालगाड्या आल्या. समोरच्या इमारतीत ए. माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या, टपालाने माल विकणाऱ्या व्यापाऱ्याचं दुकान होतं. त्याने 1890 साली त्या ओळीवर बोट ठेवून नगरपालिकेवर दावा लावला आणि 1911 पर्यंत लढत राहिला. शहरातले प्रतिष्ठित त्याच्यावर चिडले, कारण त्याने संग्रहालयालाही ना म्हटलं. फील्ड म्युझियमला अखेर दक्षिणेला सरकावं लागलं.

एक अपवाद झाला तो आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीचा. 1893 ची सर्वधर्म परिषद तिथेच भरली, विवेकानंद तिथेच बोलले. आईने पायऱ्यांवर सिंहाच्या पुतळ्याशेजारी फोटो काढून घेतला. पाठीमागे अण्णा भरावाची उंची अजमावत उभे दिसतात.

याच किनाऱ्यावरून निघालेला एक दावा आपल्यापर्यंत पोचला आहे. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने 1869 मध्ये तळ्याच्या तळाची मोठी जमीन इलिनॉय सेंट्रल रेल्वेला देऊन टाकली, चार वर्षांनी ती परत घेतली, आणि 1892 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परत घेणं योग्य ठरवलं. अशा पाण्याचा सरकार विश्वस्त आहे, मालक नाही, असा त्याचा आधार. हाच निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये बियास नदीच्या खटल्यात उद्धृत केला, आणि तेव्हापासून विश्वस्ताचं हे तत्त्व भारतातही चालतं. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं, त्याला पाणथळ जागांच्या नियमांचा आधार होता. लोक मला विचारतात, शिकागोत सायकल ट्रॅक चालतो मग पवईत का नको? कारण तलाव बुजवून वाट केली तर चालायला तलावच उरत नाही. शिकागोचा किनाराही भराव घालूनच पुढे सरकला आहे, हे कबूल. पण 58,000 चौरस किलोमीटरमधून घेतलेली पट्टी आणि पवईच्या काठाचा चिखल, जिथे मगरी अंडी घालतात, या एका तराजूत तोलायच्या गोष्टी नव्हेत.

बाकीची भांडणं अण्णांनी चवीने ऐकली. बेटावरच्या विमानतळाची धावपट्टी तेव्हाचे महापौर डेली यांनी मार्च 2003 मध्ये मध्यरात्री बुलडोझर लावून उखडली, तिथे आता नॉर्दर्ली आयलंडची बाग आहे. अण्णांना बाग आवडली, पद्धत नाही. "फाईलवर काही नाही? नुसता बुलडोझर?" नेव्ही पिअर या धक्क्याजवळचा पादचारी-सायकल पूल 2014 ला सुरू होऊन 2021 ला पुरा झाला, म्हणजे कामं इथेही रखडतात, हे ऐकून मात्र त्यांना जरा हायसं वाटलं.

दक्षिणेकडे

सप्टेंबरच्या एका रविवारी दक्षिणेचा टप्पा केला. इकडे गर्दी कमी, आकाश जास्त. 29व्या रस्त्याजवळ वाटेच्या कडेला दगडावर बसवलेली एक पाटी आहे. येणारे-जाणारे सहसा थांबत नाहीत. 27 जुलै 1919 रोजी यूजीन विल्यम्स हा कृष्णवर्णीय मुलगा इथे पोहत होता. पाण्यात न दिसणारी गोऱ्या-काळ्यांची एक हद्द होती. ती ओलांडली म्हणून एका गोऱ्या माणसाने दगड मारले आणि तो बुडाला. नंतरच्या दंगलीत 38 माणसं गेली. मी वाचून दाखवत होते. अण्णा पाटी संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चवदार तळं." पुढचा मैलभर आम्ही गप्प चाललो.

55व्या रस्त्याशी प्रोमाँटरी पॉइंट नावाचं भूशिर आहे, 1930 च्या दशकात भराव घालून केलेलं. काठाला चुनखडीच्या मोठमोठ्या शिळांच्या पायऱ्या पाण्यात उतरतात. किनाऱ्याच्या बाकी बऱ्याच भागात त्या काढून काँक्रीटच्या केल्या. इथल्या रहिवाशांनी दगड राहावेत म्हणून वर्षानुवर्षं भांडण मांडलं, आणि 2023 मध्ये या जागेला शहराचा वारसा दर्जा मिळाला. अण्णा एका तिरक्या झालेल्या शिळेवर बसले, सांध्यात बोटं घातली, खाली वाकून पाहिलं. "पिचिंग (काठाची दगडी बांधणी) चांगलं आहे. खालचं लाकूड कुजलंय, म्हणून बसलंय. दगडाचा दोष नाही." आईने डबा उघडला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. एक म्हातारा त्या पायऱ्यांवरून सावकाश पाण्यात उतरला आणि पोहायला लागला. अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. काँक्रीटवर पाय असा धरत नाही, एवढंच म्हणाले.

71व्या रस्त्यापर्यंत आम्ही गेलो नाही. शेवटचे दोन मैल राहिले. आईचा गुडघा, आणि बसची वेळ.

परतीनंतर

या वेळी तिकीट बदललं नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं परत गेली. अण्णांची वही मी स्कॅन करून ठेवली आहे. 'साखळी', वाऱ्याची दिशा, कोणता नळ चालू, कोणतं बाकडं सावलीत, असं सगळं तीत आहे. पुढच्या खेपेला आलेल्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंनी ती वापरली. त्यांना फक्त 'बाकडं' हवं होतं, साखळ्यांशी कर्तव्य नव्हतं.

दिवाळीत फोन केला तेव्हा अण्णा वैतागलेले होते. रंकाळ्यावर पुन्हा फेरी सुरू केली होती, पण पाच महिन्यांची सवय जाईना, ते उजवीकडून चालत. "समोरून येणारा प्रत्येक माणूस अंगावर येतो बघ. काल तर आमचे शिंदेमास्तरच धडकले. म्हणाले, अण्णा, अमेरिकेत डोळ्यांचं ऑपरेशन केलंत का?"